सेंद्रिय शेताचा वर्षाचा पास: पाच फेऱ्या, एक बुडालेली आणि तो फाटलेला चहा

परवा पासच्या नूतनीकरणाचा मेसेज आला. गेल्या वर्षी चौघांच्या सहा फेऱ्यांचे 4,800 घेतले होते, यंदा 6,000. खाली द्राक्षाच्या टपोऱ्या घडाचा फोटो. तो बघून ज्यांचा हात पाकिटाकडे जातोय, त्यांनी आधी हे वाचा. शेत नाशिकजवळ, गिरणाऱ्याच्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही, कारण आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. बैलगाडी, झोपाळा, पिठलं-भाकरी सगळीकडे असतं तसंच इथेही आहे, ते सोडून देतो.

आधी चहा. गुळाचा चहा, 30 रुपये कप, पासमध्ये धरलेला नाही. पाच फेऱ्या झाल्या आणि पाचही वेळा फाटलेला. मुलगी चहा पीत नाही, म्हणजे आमचे तिघांचे 450 रुपये त्या चोथ्यात गेले. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, "अगं बाई, गूळ विरघळला की गॅस बंद कर, मग दूध घाल." तिथली ताई हो म्हणाली. पुढच्या वेळी परत तेच.

पहिली फेरी एप्रिलअखेर. त्या उन्हात कोण जातं? ज्यांनी पास घेतलाय ते. खरड छाटणी नुकतीच झालेली, मांडवावर एक पान नाही, नुसत्या तारा आणि ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या. मुलगी म्हणाली, "बाबा, हे मेलंय का?" माझ्याही मनात तेच होतं. मग तिथल्या एका दादांनी समजावलं: नाशकात द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलची काडी, म्हणजे घड धरणारी फांदी, तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळासाठी. पुढच्या हंगामाचा घड उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, धरतो, बाहेर दिसत नाही इतकंच. तरी 800 रुपयांत नुसत्या तारा, हे मला तेव्हा पटलं नव्हतं.

जुलैत भातलावणी. फाट्यापासूनचा कच्चा रस्ता म्हणजे निव्वळ राडा, गाडी फाट्यावरच लावा. गुडघाभर चिखलात आवणं लावून मुलगी खूश. सासूबाई बांधावर छत्री धरून: "आमच्याकडे हे करायला मजूर मिळत नाहीत म्हणून भाऊ रडतो, आणि इथे लोक पैसे भरून करतात." त्याच दिवशी जीवामृत, म्हणजे सेंद्रिय शेतीतलं पातळ खत, ढवळताना पाहिलं. 200 लिटर पाण्याच्या ड्रमात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, वर मूठभर बांधावरची माती. शेण-गोमूत्रात गूळ घालून ड्रम छान जमतो, दुधात घालून चहा जमत नाही!

ऑक्टोबरच्या फेरीत माझं डोकं फिरलं. छाटणी झालेल्या खोडांवर, तारांवर, खांबांवर सगळीकडे निळसर डाग. पाटीवर सेंद्रिय आणि बागेत फवारणी? फोटो काढले आणि तिथेच उभं राहून ऑनलाइन रेटिंगमध्ये एक तारा (स्टार) देऊन मोकळा झालो.

तो तारा नंतर मी बदलला, का ते सांगतो. तेच दादा मला ड्रमापाशी घेऊन गेले. बोर्डो मिश्रण होतं, बुरशीवरचं औषध, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट), चुना आणि पाणी. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या परवानगीने, ठराविक मर्यादेत, सेंद्रिय बागेतही हे चालतं, कारण पाऊस लांबला की डावणी हा बुरशीचा रोग बाग खाऊन टाकतो. 100 लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र, तेही प्लास्टिकच्या ड्रमात, लोखंडी भांड्यात नाही. त्यांनी कमरेचा विळा काढून पातं त्या आकाशी पाण्यात बुडवलं. जरा वेळाने बाहेर काढलं तर टोकाला तांबूस झाक. "चुना कमी पडला, सर. असंच मारलं तर पुढची कोवळी फूट करपंल." आणखी दोन मग चुन्याची निवळी ओतली, पातं पुसलं, पुन्हा बुडवलं. या वेळी पातं होतं तसंच बाहेर आलं. तारा तिथल्या तिथे बदलला. वर्षातली सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं हीच, आणि ती माहितीपत्रकात कुठेच नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र शेत बंद. कळवलं आदल्या रात्री. ती फेरी पुढे ढकलता येत नाही म्हणे, नियम आहे. तीन फोन केल्यावर 2 किलो द्राक्षं देऊ म्हणाले. 800 रुपयांच्या बदल्यात 2 किलो! हिशेब तुम्हीच करा.

डिसेंबरात थंडी, हुरडा आणि पार्किंगची मारामारी. पुढे.

फेब्रुवारीत ज्याच्यासाठी सगळे जातात ती द्राक्षं. फोटोतल्यासारखे मणी शोधू नका. इथे मणी फुगवायला घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) द्रावणात बुडवत नाहीत, त्यामुळे मणी बारीकच. चवीला गोड, सालीला किंचित तुरट. मण्यांवरचा पांढुरका थर बघून मला पुन्हा संशय आला. तो द्राक्षाचा स्वतःचाच मेणासारखा थर असतो, बोटाने पुसला जातो. प्रत्येकाला एकच घड तोडायचा, जास्तीचा वजनावर. आणि गर्दी इतकी की दादांशी दोन शब्द बोलता आले नाहीत.

6,000 चा पास मी घेत नाही. एकेका फेरीचं तिकीट मिळतं. जुलै आणि ऑक्टोबर अशा दोनच फेऱ्या करणार, आणि ते 2 किलो अजून यायचेत. चहा घरून थर्मासमध्ये नेणार. गेटवर 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी आहे खरी, पण सासूबाईंचं म्हणणं, चहा काय खातात का?