सांगलीहून घेतलेला जुना तानपुरा: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

तानपुऱ्याला खुंट्या चार. त्यातल्या तीन नीट बसतात. चौथी, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’च्या तारेची, हिनं मला उन्हाळाभर छळलं, त्यामुळे या लिखाणातला बराच भाग तिच्यावरच जाणार आहे. ज्यांना फक्त ‘घ्यावा की नाही’ एवढंच हवंय त्यांना आधीच सांगते: घ्यावा, पण खुंट्या स्वतः पिळून बघूनच.

बायकांचा तानपुरा, मिरजेचा, तुणाच्या लाकडाचा. सांगलीत विश्रामबागेतल्या एका गृहस्थांनी विकायला काढला होता. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘जीआय मानांकित’, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला ते मानांकन मिळालं २०२४ मध्ये आणि हा तानपुरा त्यांच्याच म्हणण्यानुसार त्यांच्या मुलीच्या लग्नाआधीचा. नातू आता कॉलेजात जातो. हे बोलून दाखवल्यावर चौदा हजारांचे अकरा झाले. वरच्या तीन हजारांचं मानांकन मी त्यांच्याकडेच ठेवलं.

बघायला गेले तेव्हा तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) खाली खोलगटपणा नव्हता. जुन्या तानपुऱ्यात सगळ्यात आधी हेच बघा. तबली बसली असेल तर पुढचा सगळा खर्च वाया. दांडी एका डोळ्यानं बंदुकीसारखी रोखून पाहिली, सरळ होती. भोपळ्यावर टिचकी मारत फिरले, कुठे फुटका आवाज नाही. पुराचंही विचारलं. २०१९ च्या पाण्यातून निघालेली वाद्यं पॉलिश मारून विकायला येतात, असं ऐकून होते. ते म्हणाले, “ताई, आम्ही तिसऱ्या मजल्यावर.” तरी मी दांडीच्या सांध्यापाशी नाक लावून वास घेतला. काकू चहा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या.

फोटोत फायबरची पेटी होती. पैसे दिल्यावर कळलं, पेटी वेगळी, अडीच हजार. मी गोधडी मागितली. गोधडी दिली, हे मान्य करायला हवं.

आता खुंटी. घरी येऊन काळी चारला, म्हणजे माझ्या पट्टीत लावला. पंचम लागला, जोड (मधल्या ‘सा’च्या दोन तारा) लागली, खर्ज लावून हात काढला की पितळी तार ढिली. खुंटी आत दाबत पिळायची असते हे मला कळतं, गेली कित्येक वर्षं क्लासमधले तानपुरे मीच लावते. खडू लावला. दोन दिवस बरं, मग परत तेच. एप्रिलच्या उन्हात तर बिलंपत, म्हणजे संथ लयीचा ख्याल, सुरू करून अंतऱ्यापर्यंत पोचायच्या आत खर्ज खाली. विक्रेत्यांना फोन केला. “आमच्याकडे कधी उतरला नाही.” बरोबर, कारण त्यांच्याकडे कुणी वाजवतच नव्हतं! दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचातले दोन गुण दिले असते, त्यातला एक गोधडीचा.

मग पाऊस आला आणि खुंटी सुधारली. लाकूड फुगलं, भोकात गच्च बसलं. साताऱ्याच्या आषाढ-श्रावणात खर्ज जागचा हलला नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले की तानपुरा नव्या घरात रुळायला वेळ घेतो, धीर धरा. पण ऑक्टोबरची हीट सुरू झाली आणि खुंटी पुन्हा मूळ स्वभावावर आली. तेव्हा वरचं मत मी मागे घेते. वाद्य रुळत वगैरे नाही. ती फक्त हवा होती.

शेवटी मिरजेला नेला. खर्चाचा हिशेब सांगते, कारण जुनं घेताना हा कुणी धरत नाही. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. तानपुरा घेऊन तिथवर जायला रिक्षावाल्यानं जे घेतलं त्यापेक्षा मिरजेचं पॅसेंजरचं तिकीट स्वस्त. कारागिरांनी खुंटी काढली, भोकाला डोळा लावला आणि म्हणाले, भोक लंबगोल झालंय, खडूनं काय होणार? भोक गोल करून घेतलं, जाड निमुळती खुंटी बसवली. मी पैसे काढत होते तेवढ्यात त्यांनी तारांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, जवारी कधी काढली होती?

जवारी म्हणजे तार घुमावी म्हणून घोडीच्या माथ्याला घासून दिलेला आकार. माझ्या घोडीवर तारांच्या खाचा पडल्या होत्या. मला वाटत होतं तानपुरा जरा बुजरा आहे, जुना म्हणून असेल. त्यांनी घोडी काढून कानस फिरवली, बसवून ऐकलं, पुन्हा काढली, पुन्हा घासली. चहा पिऊन आले तरी तेच चालू. मग जीवा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो दोरा, सरकवत सरकवत एका जागी थांबवला आणि जोड छेडली. नुसत्या ‘सा’च्या दोन तारांत गंधार, म्हणजे ‘ग’, इतका स्वच्छ बोलला की मी खुंटीचं विसरूनच गेले. खुंटी आणि जवारी मिळून बाराशे घेतले. आजवर गाण्यावर घातलेल्या पैशांत एवढे वसूल झालेले दुसरे कुठलेच नाहीत.

म्हणजे अकरा हजार, बाराशे, प्रवास. पेटी अजून नाही, आणि तिच्यावाचून अडतंय. कार्यक्रमाला न्यायचा तर दर वेळी गोधडी. नवीन पेटी घ्यायची तर हिशेब पुन्हा बिघडतो, म्हणून सध्या तानपुरा घरीच बसतो. गुण चार. पाचवा मी खुंटीसाठी राखून ठेवलाय; येता एप्रिल गेल्यावर बघू. त्यातही विक्रेत्यांना दीड, उरलेले सगळे मिरजेच्या कानशीला.

आता इलेक्ट्रॉनिक तानपुरा विकायला काढलाय. चालू आहे, अडॅप्टर मूळचा नाही, आवाजाचं बटण डावीकडे नेलं की खरखरतं. येऊन, लावून, ऐकून घ्या. पिशवी किमतीतच आहे. ‘लास्ट किती’ एवढंच लिहिणाऱ्यांना उत्तर देणार नाही.