सहा शनिवारांचा फिक्हचा वर्ग : सर उत्तम, नोट्स नापास

मी सोलापुरात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. मुस्लिम पक्षकार बरेच, माझं शरीयतचं ज्ञान मात्र एलएलबीच्या गाइडपुरतं. म्हणून फिक्हचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, हा ऑनलाइन वर्ग लावला. फी अडीच हजार.

पहिला तास पोळ्या लाटत ऐकला. दुसऱ्या तासाला सरांनी विचारलं, 'चोरी वाईट म्हणून अल्लाहने मना केली, की मना केली म्हणून ती वाईट?' तेव्हा लाटणं ठेवून वही घेतली. इस्लामी विचारवंतांचे हे दोन जुने पंथ : मुअतझिला म्हणत, चांगलं-वाईट अकलेलाही कळतं. अशअरी म्हणत, ते ईश्वरी आज्ञेनेच ठरतं. मनात म्हटलं, कोर्टात याचा काय उपयोग?

मग तलाक-ए-बिद्दत आला. हनफी या सुन्नी कायदेपंथाचा जुना दंडक असा : एका दमात तीनदा तलाक म्हणणं पाप, पण तलाक लागू. या एका 'पण'पायी माझ्या किती पक्षकार माहेरी येऊन बसल्या! सुप्रीम कोर्टातल्या २०१७च्या शायरा बानो खटल्यात न्या. कुरियन जोसेफ यांनी नेमका तोच धरला : जे कुराणात वाईट, ते शरीयतमध्ये चांगलं कसं असेल? आपल्या औरंगाबाद खंडपीठाने तर २००२ मध्येच दगडू पठाण प्रकरणात सांगितलं होतं की नवऱ्याने कैफियतीत (लेखी जबाबात) नुसतं 'तलाक दिला' लिहून भागत नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो. हा निकाल मी कितीदा दाखल केलाय. पण कुराणाच्या चौथ्या सूरहची (अध्यायाची) ३५वी आयत, समेटासाठी नवऱ्याकडचा एक पंच आणि बायकोकडचा एक, सरांनी शब्दन् शब्द सोडवून दाखवली तेव्हा कुठे तो निकाल नीट कळला.

एका मुलाने विचारलं, 'मग ज्याला जे बरं वाटेल तो तसा अर्थ लावणार का?' सर हसले. म्हणाले, इस्तिहसानवर, म्हणजे नेहमीचा नियम सोडून जास्त योग्य वाटेल तो निर्णय घेण्यावर, जुने कायदेपंडित इमाम शाफिईंचा आक्षेप हाच. उत्तरादाखल विचारवंत गझालींचे पाच मकासिद, म्हणजे शरीयतने जपायच्या पाच गोष्टी, सांगितले : धर्म, जीव, बुद्धी, वंश, मालमत्ता. पण हे सगळं वीस मिनिटांत! खरी मेख तिथेच होती, दोन तास हवे होते.

नोट्सची तर दैना. पीडीएफमध्ये अरबी शब्दांच्या जागी चौकोन. तीन मेल टाकले, उत्तर एकच : 'दुसरं अॅप वापरून बघा.' रेकॉर्डिंग सात दिवसांत गायब.

पाचपैकी साडेतीन. वारसाहक्काच्या बॅचला नाव दिलंय, नोट्स मात्र स्वतःच काढणार.