कूलरचा वारा कमी येत होता : हनीकोम पॅड बसवून चार महिने झाले

आमचा कूलर मोठा लोखंडी, सात वर्षांचा. घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग. गेल्या उन्हाळ्यात पंखा फुल्लवर असला तरी कॉटवर पडलेल्या सासऱ्यांपर्यंत वारा पोचत नव्हता. मेकॅनिक म्हणाला, मोटर गेली, नवीन टाका. मी आधी मागची एक जाळी काढून पंखा लावून पाहिला, तर भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायला लागलं. मोटर चांगली होती. हवेला आत यायला वाटच नव्हती. (जाळी काढूनही वारा वाढला नाही, तर कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग) तपासून घ्या. मोटरपेक्षा कितीतरी स्वस्तात काम होतं.)

जाळीतल्या वाळ्याच्या गवतावर मागाच्या सुताचा भुगा बसला होता आणि त्यात बोरच्या पाण्याचा क्षार मुरला होता. नखाने ओढलं तर गोधडीच्या तुकड्यासारखा सलग थर हातात आला.

मार्चमध्ये गवत काढून हनीकोम पॅड (मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं असलेले कागदी पॅड) घेतले. ते जाड असतात, आमच्या जाळीत मावेनात. वेल्डरकडून चौकट वाढवून घ्यावी लागली. पण ४२-४३ अंशांतही दुपारी वारा खोलीच्या टोकापर्यंत येतो, आणि तो गार असतो. वाळ्याचा वास मात्र गेला, त्याची चुटपुट आहे.

पॅड बसवले की काम संपलं, असं आपल्याकडच्या पाण्यात होत नाही. पाणी उडून जातं, क्षार टाकीत साठत राहतो. मे महिन्यात एका पॅडवर उभा कोरडा पट्टा दिसला. पॅडवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची भोकं बुजली होती, दाभणाने मोकळी केली. आता आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून ते ओतून देताना जीव तुटतो. बाथरूम धुवायला वापरते. दर पंधरा दिवसांनी पॅडवरचा भुगा मऊ ब्रशने झाडते.

सासरे गारवा टिकावा म्हणून दारंखिडक्या लावून घ्यायचे, त्याने अंग चिकट व्हायचं. आता कूलर खिडकीबाहेर आहे आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवतो, म्हणजे दमट हवा निघून जाते. जूनमध्ये पाऊस लागल्यावर पंप बंद करून नुसता पंखा वापरला.

एक पॅड खालच्या कोपऱ्यात क्षाराने कडक झालाय. पुढच्या मार्चला तेवढाच बदलेन.