एअरफिक्सचं जुनं इव्हनिंग स्टार: जोडावं, ठेवावं की विकावं?

मामा बोटीवर होते, त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्या रत्नागिरीच्या घरी माळ्यावर कित्येक वर्षं पडून होती. यंदा आगोटीची आवराआवर करताना उघडली तर आत प्लास्टिकचे तुकडे जोडून बनवायची रेल्वे इंजिनांच्या मॉडेलची तीन किटं. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची दोन, इव्हनिंग स्टार आणि सिटी ऑफ ट्रुरो नावाच्या वाफेच्या इंजिनांची, आणि एक किटमास्टर कंपनीचं, रॉकेट नावाच्या जुन्या छोट्या इंजिनाचं. विकून टाक म्हणणारे घरात बरेच होते, पण मी इव्हनिंग स्टार जोडायला घेतलं.

आधी हे सांगते कारण निर्णय यावरच ठरला. हे साचे मूळचे किटमास्टरचे, ती कंपनी १९५९ ला या धंद्यात आली आणि १९६२ मध्ये साचे एअरफिक्सकडे गेले, नंतर डापोल कंपनीनेही त्यातली बरीच किटं पुन्हा काढली. त्यामुळे एअरफिक्सचा बॉक्स फाटलेला आणि आतली पिशवी फुटलेली असेल तर भाव फारसा येत नाही. आणि आपल्याकडची हवा! बॉक्सच्या आतून बुरशी धरली होती, कसर लागून सूचनांच्या कागदाची चाळण झालेली. प्लास्टिकला मात्र काही झालं नव्हतं.

खरं इंजिन १९६० साली स्विंडनला बनलं, ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, नंबर ९२२२०. त्याच्या जातीची बाकीची काळी, हे हिरवं आणि धुराड्याला तांब्याची कड, म्हणून रंगवायला फार मजा येते. मॉडेल ७६ पट लहान आहे, साधारण २६ सेंटिमीटर. तुकड्यांच्या कडेला जास्तीचं प्लास्टिक सुटलेलं असतं ते ब्लेडने आणि पॉलिश पेपरने घासत बसावं लागतं, त्यातच माझे दोन रविवार गेले. दहा मोठी चाकं आणि त्यांना जोडणारे दांडे हा सगळ्यात कठीण भाग, पिनांची टोकं तापलेल्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच दाबायची, जोर जास्त झाला की चाक फिरत नाही. माझं एक फिरत नाही.

पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर पिवळे पडलेले, त्यांचा कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवले तर बरेच पांढरे झाले. पाण्यात टाकायच्या आधी वर क्लिअर व्हार्निशचा हात मारा, नाहीतर स्टिकरचे तुकडे होतात. आणि स्प्रेचं व्हार्निश पावसाळ्यात अजिबात मारू नका, दमटपणाने वर पांढरट धुकं बसतं. मी मेमध्येच उरकून घेतलं.

मोटर नाही, रुळावर स्वतः धावत नाही, फक्त बघायचं मॉडेल आहे हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. पण बॉयलरवरचे पाइप, रिव्हेट वगैरे इतक्या जुन्या साच्याच्या मानाने फार सुंदर आहेत. पाचपैकी चार.

सिटी ऑफ ट्रुरोचे टेंडरचे, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याचे, तुकडे गायब होते, ते मुंबईच्या एका हौशी माणसाला सुट्या भागांसाठी स्वस्तात दिलं.

रॉकेट मात्र ठेवलं. पिशवी बंद आहे, किटमास्टरचा मूळ बॉक्स आहे, भाव यालाच येईल हे मला माहीत आहे. पण झाकणावर मामांनी पेन्सिलीने 'लिव्हरपूल' लिहिलंय, आणि खरं रॉकेट धावलं ते लिव्हरपूल-मँचेस्टर लाइनवरच. घेणारे म्हणतात, ते अक्षर खोडलं तर किंमत वाढेल. मी ते किट तसंच हवाबंद डब्यात घातलंय, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदलते.