ओढ्याच्या तळाचे जीव तपासण्याचा संच : जाळी उत्तम, तक्ता परका

ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या कीटकांच्या अळ्या, गोगलगाई आणि कृमी यांच्यावरून पाण्याची प्रत ठरवण्यासाठी तयार केलेला एक संच पुण्यातील प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून आमच्या शाळेच्या निसर्गमंडळासाठी घेतला. इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दांड्याची जाळी, पांढरा ट्रे, चिमटे, ड्रॉपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि जीव ओळखून गुण देण्याचा प्लास्टिकमध्ये मढवलेला तक्ता असे साहित्य त्यात आहे. पावसाळ्यानंतर पुण्याजवळच्या टेमघरच्या बाजूच्या ओहोळांवर आणि पाषाण-बाणेर परिसरात रामनदीवर हा संच वापरून पाहिला.

जाळीबद्दल पूर्ण समाधान आहे. तिची छिद्रे अर्ध्या मिलिमीटरची आहेत. बारीक गाळ निघून जातो, पण मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाची पाण्यात वाढणारी लहान अर्भकेसुद्धा अडकतात. प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी टेकवून वरच्या बाजूचे दगडगोटे पायाने ठरावीक वेळ ढवळायचे आणि जे वाहत येईल ते ट्रेमध्ये ओतायचे, एवढीच कृती असल्यामुळे आठवीतील मुलांनाही ती लगेच जमली. कडेचे कापड जाड आहे आणि बेसाल्टच्या धारदार कडांवर घासूनही ते फाटलेले नाही.

पाणी तपासण्याची रासायनिक पट्टी बुडवली की फक्त त्या क्षणाच्या पाण्याची प्रत कळते. रात्री कोणी टँकर रिकामा करून गेला असेल, तर सकाळी तिला त्याचा पत्ता लागेलच असे नाही. तळाचे जीव मात्र कित्येक आठवडे, काही तर वर्षभर, त्याच दगडांखाली राहतात आणि प्राणवायू घटला की त्यांपैकी नाजूक कुळे, म्हणजे जवळचे नाते असलेल्या जीवांचे गट, आधी नाहीशी होतात. टेमघरच्या ओहोळात दगड उलटताच चपट्या अंगाची, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले असलेली मेफ्लायची अर्भके आणि वाळूच्या कणांचे घरटे अंगावर वागवणाऱ्या कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाच्या अळ्या दिसल्या. रामनदीच्या काळ्या गाळात डासासारख्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या आणि गांडुळाच्या जातीचे बारीक कृमी यांचीच गर्दी होती. या लाल अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या अत्यल्प प्राणवायूतही तगतात. भूगावच्या बाजूने खाली येणाऱ्या या नदीत शहराचे सांडपाणी मिसळते हे पुण्यात सर्वांना ठाऊक आहे, परंतु दोन ट्रे शेजारीशेजारी ठेवल्यावर मुलांना ते जसे उमगले, तसे कोणत्याही आकड्याने उमगले नसते.

संचाचा खरा दोष तक्त्यात आहे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये आखलेली गुणपद्धती त्यात जशीच्या तशी उतरवली आहे. पद्धत मुळात सुबोध आहे : प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण (कूळ जितके नाजूक तितके जास्त), एका कुळाचे जीव कितीही सापडले तरी गुण एकदाच, आणि बेरजेला कुळांच्या संख्येने भागून सरासरी. लाल अळ्यांचे 2, कृमींचा 1 आणि लिम्निडी कुळातील गोगलगाईंचे 3 धरले, तर बेरीज 6 आणि सरासरी 2, म्हणजे पाणी अतिशय वाईट. पण या तक्त्यात स्टोनफ्लाय या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या कीटकांची सात कुळे आहेत आणि आपल्या सह्याद्रीत त्यांपैकी प्रामुख्याने पर्लिडी हे एकच कूळ आढळते. उलट घाटातील ओढ्यांत हमखास भेटणारे खेकडे आणि थियारिडी कुळातील शंकूच्या आकाराच्या लांबट गोगलगाई यांना त्यात जागाच नाही. त्यामुळे स्वच्छ ओहोळालाही एकूण गुण कमी मिळतात. सरासरीवर परिणाम तुलनेने कमी होत असल्याने आम्ही फक्त सरासरीच नोंदवली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच पद्धत भारतीय नद्यांसाठी बदलून घेतली आहे. तिच्यात कुळांच्या गुणांच्या जोडीला विविधतेचा गुणांकही काढतात : सापडलेले जीव एकेक करून पाहायचे, प्रत्येक जीव आधीच्या जीवासारखा आहे की वेगळा एवढेच ठरवायचे आणि वेगळेपणाच्या संख्येला एकूण जीवांच्या संख्येने भागायचे. नाव न ओळखताही हे करता येते, म्हणून मुलांच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. दोन्हींवरून पाण्याचे ए ते ई असे पाच वर्ग ठरतात आणि नकाशावर ते निळ्यापासून लाल रंगापर्यंत दाखवता येतात. संचाच्या निर्मात्यांनी मंडळाच्या पद्धतीचा हा तक्ता मराठीत छापून द्यावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

सोबतच्या पुस्तिकेत ऋतूंविषयी अवाक्षर नाही, ही उणीव पुण्यासाठी गंभीर आहे. जुलै-ऑगस्टमधील पूर तळ खरवडून नेतो. तेव्हा जीव कमी मिळाले म्हणजे प्रदूषण झाले असे मुळीच नाही. पूर ओसरल्यावर काही आठवडे थांबून ऑक्टोबरपासून हिवाळ्यापर्यंत नमुने घ्यावेत आणि एकाच ऋतूतील नमुन्यांची तुलना करावी. सलग कातळावर ही जाळी चालत नाही, सुटे दगडगोटे असलेला खळाळच शोधावा लागतो.

भिंग साधारण आहे. हातमोजे संचात नाहीत; सांडपाणी मिसळलेल्या ओढ्यात लांब हातमोजे आणि गमबूट यांशिवाय मुलांना उतरवू नये. निरीक्षण झाल्यावर जीव त्याच जागी सोडावेत आणि दुसऱ्या ओढ्यावर जाण्यापूर्वी जाळी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावी, म्हणजे एका ओढ्यातील गोगलगाईंची अंडी दुसऱ्यात जाणार नाहीत.