डॅम्पर बदलायचा, आख्खा गिअरबॉक्स की अजून थोडं चालवायचं?

माझा मामेभाऊ रोज भुसावळहून जळगावला येतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं जुनी हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्हीवर चालणारी गाडी घेतली. आता अजिंठा चौफुलीला गाडी थांबली, इंजिन बंद झालं आणि निघताना परत सुरू झालं, की त्या क्षणी खालून खडखड येते. पत्र्याच्या डब्यात नट हलवावेत तशी. गल्लीतल्या मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच निकाल दिला : "भाऊ, गिअरबॉक्स गया."

बहुतेक वेळा गिअरबॉक्स गेलेला नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक असतं आणि त्याला लागून डॅम्पर. ट्रॅक्टरची क्लचप्लेट पाहिली असेल तर डॅम्पर पाहिल्यातच जमा आहे : मधे गोल चकती आणि तिच्यात बसवलेल्या जाड स्प्रिंगा. मोटर आणि पंप यांच्या मधल्या कपलिंगचं रबर जे काम करतं, तेच या स्प्रिंगा करतात, म्हणजे इंजिनाचे झटके स्वतःवर घेतात. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रीडमध्ये क्लच नसतो, वेगळा स्टार्टरही नसतो. गिअरबॉक्समधली एक मोटर याच डॅम्परमधून इंजिनाला फिरवून सुरू करते. साध्या गाडीत दिवसातून पाच-सहा वेळा होणारं काम इथं गावातल्या एका फेरीत पन्नासदा होऊ शकतं.

आधी एक खुलासा. मागे हायब्रीड लिहिलेली प्रत्येक गाडी या प्रकारातली नसते. मारुतीच्या स्मार्ट हायब्रीडमध्ये पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर असते आणि मॅन्युअल गाडीत खाली आपलं नेहमीचं फ्लायव्हील, नेहमीची क्लचप्लेट. ते काम धुळ्याचा किंवा चाळीसगावचा कुठलाही बरा मिस्त्री करतो. पुढचं सगळं ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रीड, हायरायडर, हायक्रॉस, कॅमरी, प्रियस अशा गाड्यांसाठी. होंडा सिटीच्या हायब्रीडची रचना वेगळी आहे.

पर्यायांची तुलना करण्याआधी आवाजांची करा, कारण पैसे इथंच वाचतात किंवा बुडतात. डॅम्परचा आवाज इंजिन सुरू होताना, बंद होताना आणि हलक्या लोडवर येतो. कन्नडच्या घाटात गाडी भरून चढवली की तो दबतो, कारण स्प्रिंगा ताणाखाली घट्ट बसतात. गाडी नुसत्या बॅटरीवर चालली की तो पूर्ण थांबतो. गिअरबॉक्सचं बेअरिंग मात्र खडखडत नाही. ते रडतं, आणि वेगाबरोबर त्याचा सूर चढतो, इंजिन बंद असलं तरी. इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे त्याला पेलणारं रबर गेलं असेल तर एकच 'धप्' होतो, खडखड नाही. सायलेन्सरवरचा पत्रा सैल असेल तर ठरावीक आरपीएमला झिणझिणतो. ते काम क्लिप लावून भागतं, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवलेला मी पाहिला आहे.

खरा गोंधळ होतो तो हेड गॅस्केटशी, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधल्या पॅकिंगशी. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये हे दुखणं जगभर ओळखीचं आहे : ईजीआरची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी) वाट काजळीनं तुंबते, पुढे हेड गॅस्केट जातं आणि रात्रभर थोडं थोडं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सिलेंडरमध्ये उतरतं. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की गाडी मिसिंग मारते (एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), थरथरते आणि ते झटके डॅम्पर खातो. ऐकणाऱ्याला वाटतं डॅम्पर वाजतोय. वाजतो तोच, पण मारणारा दुसरा असतो. ओळखायची खूण अशी की गॅस्केटची थरथर रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या काही सेकंदांत येते आणि मग दिवसभर शांतता. डॅम्पर गेला असेल तर तो दुपारीही वाजतो.

म्हणून गाडी रात्री गॅरेजलाच ठेवा आणि मिस्त्रीला सकाळी स्वतः सुरू करायला सांगा. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी तापलेल्या गाडीत ही खोट सापडत नाही. मग स्कॅनर लावून कुठल्या सिलेंडरचं मिसिंग मोजलं जातंय ते बघायचं. टोयोटाच्या कित्येक गाड्यांत डॅम्परची चकती घसरू लागली तर पी०ए९० हा कोड येतो, मिसिंगचा पी०३०० वेगळा. कूलंटच्या टाकीवर खूण करून आठवडाभर पातळी पाहायची. स्पार्क प्लग काढून कॅमेरा आत घातला आणि एकाच पिस्टनचं डोकं कूलंटनं धुतल्यासारखं चकचकीत दिसलं, तर डॅम्परचा विषय तूर्तास बाजूला ठेवायचा.

माझ्या गाडीला हे कुणी केलं नव्हतं. नवा डॅम्पर बसला, चार महिन्यांत आवाज परत. मजुरी दोनदा दिली.

आता पर्याय. नवा डॅम्पर घातला तर सुटा भाग फार महाग पडत नाही. पैसे जातात ते इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायच्या मजुरीत. त्यामुळे एकदा उघडलं की ऑइल अडवणारी दोन्ही सीलं, क्रँकचं मागचं आणि गिअरबॉक्सचं पुढचं, बदलूनच घ्या, फ्लायव्हीलचे बोल्ट नवे लावा, आणि फ्लायव्हीलला तडा आहे का, ते डगमगतं का हे डायल गेज लावून बघायला सांगा. फ्लायव्हील सहसा ठीक असतं. स्प्रिंगा वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटेलच. त्याला चहा पाजा आणि गाडी घेऊन घरी या.

जुना आख्खा गिअरबॉक्स मुंबईत कुर्ल्याला मिळतो आणि मिस्त्रीला तो आवडतो, कारण डोकं लावावं लागत नाही. पण डॅम्पर गिअरबॉक्सच्या आत नसतो, तो इंजिनाच्या बाजूला फ्लायव्हीलवर बसतो. जुना गिअरबॉक्स आणून जुनाच डॅम्पर ठेवला तर खडखड तिथंच राहणार. शिवाय आणलेल्या मालातली मोटर किती चाललेली आहे हे कोण सांगणार? हा रस्ता तेव्हाच धरा जेव्हा इनपुट शाफ्टचे (डॅम्परमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचे) दाते झिजलेत किंवा काढलेल्या ऑइलमध्ये धातूचे तुकडे निघालेत.

तसंच चालवणं हाही पर्याय आहे, लाजायचं कारण नाही. आवाज नुकता सुरू झाला असेल, मिसिंग नसेल आणि गाडी बहुतेक हायवेवर पळत असेल, तर थोडे महिने निघतात. रोज गावातच थांबत-निघत असाल तर मी थांबणार नाही. स्प्रिंग तुटून तुकडे आत फिरले की स्वस्तातलं काम गिअरबॉक्सपर्यंत जातं. आणि डॅम्पर पूर्ण तुटला तर मोटर नुसती फिरते, इंजिन सुरूच होत नाही. गाडी बॅटरीवर थोडीफार सरकते आणि रात्री पारोळा-एरंडोलच्या मधे उभी राहते. तिला दोर बांधून ओढायचं नाही. पुढची चाकं फिरली की आतल्या मोटरी फिरतात आणि वीज तयार होते. सपाट ट्रक बोलवा, गाडी पूर्ण वर चढवून न्या.

काम कुणाकडे द्यायचं? कंपनीचं वर्कशॉप महाग, पण त्यांच्याकडे हाय व्होल्टेजची शिकलेली माणसं असतात. बाहेरच्याला एकच विचारा : सर्व्हिस प्लग (हायब्रीड बॅटरीची वीज तोडणारा प्लग) काढल्यावर किती वेळ थांबता? उत्तर दहा मिनिटं आणि रबराचे इन्सुलेटेड हातमोजे असं आलं, तर पुढे बोला. बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असतात. वॉरंटीचंही बघून घ्या. आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर असं जे सांगतात ते हायब्रीड बॅटरीसाठी, डॅम्पर त्यात येत नाही.

मामेभावाची गाडी मागच्या रविवारी रात्री माझ्याच अंगणात उभी केली होती. सकाळी सहाला सुरू केली तर थरथर नाही. दुपारी खडखड तीच. कूलंटची पातळी खुणेवर. त्यानं नवा डॅम्पर मागवलाय आणि दोन्ही सीलं यादीत घातलीत. मिस्त्री मात्र अजून गिअरबॉक्सवरच अडलाय.