घोंगडी की स्लीपिंग बॅग? माळ्यावरच्या सामानाने हरिश्चंद्रगड

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम करायचा, तोही ऐंशीच्या दशकातल्या सामानाने, असं मनात घेऊन माळा उपसायला काढला असेल, तर बहुधा काकांची घोंगडी, पिसांची जुनी स्लीपिंग बॅग आणि रॉकेलचा पितळी स्टोव्ह हाती लागेल. सगळंच पाठीवर घेतलंत तर पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेवरच एकमेकांकडे बघाल.

आधी घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, खड्ड्याच्या मागावरचं विणकाम आणि वरून चिंचोक्याची खळ. खळीमुळे ती ताठ राहते, दवही पटकन मुरत नाही. भिजली तरी सगळी ऊब सोडून देत नाही. ठिणगी उडाली तर लोकर करपून विझते. नायलॉनला तेवढ्यात भोक पडतं. टोचते मात्र भरपूर. मानेशी जुनं धोतर किंवा सुती पंचा घेतला की निभतं. वजन दोन-तीन किलो, शिवाय सॅकमध्ये मावत नाही, वरून बांधावी लागते. पण अंथरूण तीच, पांघरूण तीच, पावसात खोळ तीच.

स्लीपिंग बॅग तेव्हा सह्याद्रीत फार कमी दिसायची. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था 1954 ची, उत्तरकाशीची 1965 ची. तिथे कोर्स करून आलेला एखादा बॅगेचं कौतुक सांगायचा आणि आमच्यासारखाच चादरीत मुटकुळं करून झोपायचा. बॅग हलकी आणि घडी लहान, यात वाद नाही. पण ऊब पिसांत नसते, पिसांनी धरून ठेवलेल्या हवेत असते. अंगाखाली पिसं दबली की हवा गेली, आणि गडावरच्या गुहेतला कातळ थेट पाठीला भिडतो. सह्याद्रीत निम्मी थंडी खालून येते. हे पहाटे तीनला कळतं.

पिसांचा दुसरा वैरी म्हणजे ओल. 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बोवर्स आणि चेरी-गॅरार्ड केप क्रोझियरला गेले, तेव्हा रेनडिअरच्या कातड्याच्या पिशव्यांत घाम आणि श्वास गोठून त्या लाकडासारख्या कडक झाल्या; रात्री आत शिरणं हेच एक काम होऊन बसलं. आपल्याकडे तेवढं काही होत नाही, पण दवाने पिसांचे गोळे होतात ते होतातच. म्हणून माळ्यावरची बॅग आधी दिवसभर सावलीत वाऱ्यावर पसरा, मग मुठीत दाबून सोडा. फुगून वर आली तर न्या. तशीच चपटी राहिली तर उशी करा.

माझं विचाराल तर गुहेत झोपणार असाल तर घोंगडी पुरे. गडाच्या कोकणकड्यावर, वाऱ्यात उघड्यावर पडायचं असेल तर बॅगही घ्या, पण खाली घोंगडी हवीच. दोघांत मिळून एक घोंगडी नेली तर वजनही वाटून जातं. हिमालयात जायचं असेल तर प्रश्नच नाही, बॅग.

कॅनव्हासचा तंबू घरी ठेवा. कोरडा असतानाच जड, भिजला की खांदे काढतो.

राहिला स्वयंपाक. चूल सोपी आणि खिचडीला चव आणणारी, पण गड अभयारण्यात आहे, तिथलं लाकूड तोडून जाळायचं नाही. मुक्काम आणि आग, दोन्हींचे नियम वनखात्याला विचारूनच निघा. स्टोव्ह आपला हवा मारायचा, काकडा पेटवून तोंड तापवायचा. नीट पेटला तर वाऱ्याच्या आडोशाला उत्तम चालतो. आता रॉकेल शोधण्यातच अर्धा दिवस जाईल. मिळालं तर डबा सॅकच्या बाहेर बांधा. आमचा आत होता. दोन दिवस पोहे, चहा आणि घोंगडी, तिन्हींना एकच वास होता. आणि स्टोव्हचं भोक मोकळं करायच्या पिना दोन घ्या. आमची एकच होती, ती अंधारात कातळावर पडली, आणि भिजवलेले तांदूळ आम्ही गुळाबरोबर चावून खाल्ले.